बडोद्याहून कैलास-मानसरोवर: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

परराष्ट्र मंत्रालयाची कैलास-मानसरोवर यात्रा पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीतून ५० जणांच्या ५ तुकड्या आणि सिक्कीममधल्या नाथू ला मार्गे १० तुकड्या, अशा ७५० जागा होत्या. अर्ज आले ५,५६१. निवड संगणकीय सोडतीने होते, तिथे कुणाची ओळख चालत नाही. आपल्या हातात राहतात दोनच गोष्टी, पासपोर्ट आणि तब्येत. अर्ज निघायची वाट न बघता त्या आधी मार्गी लावाव्यात. २०२५ ची मुदत १३ मे ला संपली. अर्ज सुरू झाल्यापासून जेमतेम अडीच आठवडे मिळाले होते, तेवढ्यात नवा पासपोर्ट हाती येईलच असं नाही.

पात्रता

भारतीय नागरिकत्व आणि भारतीय पासपोर्ट हवा. वय त्या वर्षीच्या १ जानेवारीला १८ ते ७० च्या दरम्यान हवं. ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, अर्ज करता येत नाही. बडोद्यात हे ठळक सांगावं लागतं, कारण ‘अमेरिकेतला भाऊही येईल, दोघं जाऊ’ असे बेत इथे घरोघरी ठरतात. तो नेपाळमार्गे खासगी टूरने जाऊ शकतो, पण त्या टूरचा सरकारी यात्रेशी संबंध नाही.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २५ किंवा त्याखाली लागतो. उंची १६० सेंटिमीटर असेल तर वजन जास्तीत जास्त ६४ किलो, १६५ ला ६८, १७० ला ७२. पाच-सात किलो जास्त असतील तर चार-पाच महिने हाताशी ठेवा. शेवटच्या पंधरवड्यात उपाशी राहून काटा खाली येतो, पण अंगातली ताकदही जाते आणि पुढे चढायचं त्याच अंगाने असतं. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार, फिट्स यांपैकी काही असेल तर आधी स्वतःच्या डॉक्टरांशी स्पष्ट बोला.

पासपोर्ट

यात्रेच्या वर्षी १ सप्टेंबरला पासपोर्टची किमान ६ महिने मुदत शिल्लक असावी. म्हणजे पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत संपणारा पासपोर्ट आज वैध असला तरी उपयोगाचा नाही. नूतनीकरणासाठी बडोद्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यावी लागते.

खरी अडचण नावाची. आपल्याकडच्या मराठी घरांत शाळेच्या दाखल्यावर ‘रमेशभाई’, आधारवर नुसतं ‘रमेश’, एका कागदावर आडनाव आधी तर दुसऱ्यावर शेवटी, असा घोळ असतोच. पासपोर्ट नवा करताना तो एकदाच निस्तरून टाका. यात्रेच्या फॉर्मवर मात्र पासपोर्टवर जसं छापलंय तसंच नाव लिहायचं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर अर्जही त्याच नावाने.

अर्ज

अर्ज फक्त ऑनलाइन, मंत्रालयाच्या केएमवाय (कैलास-मानसरोवर यात्रा) संकेतस्थळावर. फोटो आणि पासपोर्टचं पहिलं व शेवटचं पान स्कॅन करून जोडा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत प्लास्टिकच्या कव्हरची चकाकी नंबरावर येते, म्हणून कव्हर काढून स्कॅनच करून घ्या. दोन्ही मार्ग पसंतीक्रमाने भरता येतात. नाथू ला मार्ग बराच महाग पडतो: २०२५ चा अंदाजे खर्च लिपुलेखने १ लाख ७४ हजार, नाथू लाने २ लाख ८३ हजार. तेवढी तयारी नसेल तर एकच मार्ग भरा.

नाव लागल्यावर

निवड ईमेल आणि एसएमएसने कळते. ठरलेल्या तारखेच्या आत कुमाऊं मंडल विकास निगम किंवा सिक्कीमच्या पर्यटन महामंडळाकडे निश्चिती रक्कम भरावी लागते. ती परत मिळत नाही.

तपासणीसाठी दिल्लीला जाताना मूळ पासपोर्ट, पासपोर्ट आकाराचे फोटो, नोटरी केलेला इन्डेम्निटी बाँड (काही झालं तर सरकार जबाबदार नाही असं लिहून देणं), आणीबाणीत हेलिकॉप्टरने हलवण्याबाबतचं प्रतिज्ञापत्र आणि चीनच्या हद्दीत मृत्यू झाल्यास तिथेच अंत्यसंस्काराला संमती, एवढं लागतं. शेवटचा कागद वाचून घरचे हबकतात, तो आधीच दाखवून ठेवा. मसुदे संकेतस्थळावर असतात. गुजरातेत २०१९ पासून छापील स्टॅम्प पेपर बंद आहेत, त्यामुळे ई-स्टॅम्प काढावा लागतो. त्यावरही नाव पासपोर्टप्रमाणेच घाला.

दिल्लीत रक्त, एक्स-रे, टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) वगैरे तपासण्या होतात आणि आयटीबीपीचं, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचं, रुग्णालय निकाल देतं. दुसरी तपासणी उंचीवर, लिपुलेख मार्गावर गुंजीला किंवा नाथू ला मार्गावर शेराथांगला. तिथे नापास झालात तर परत यावं लागतं, आणि पैसे मिळत नाहीत. गोळ्या लपवून पहिली तपासणी निभावणारे इथे अडकतात.

सराव

दोन्ही मार्गांवर आता बराच भाग गाडीने होतो. चालायची खरी कसोटी परिक्रमेत, डोल्मा ला खिंडीत, ५,६३० मीटरवर. कमाटी बागेतल्या सपाट फेऱ्या तिथे पुरत नाहीत. रविवारी पावागढ गाठा, रोपवे सोडा, पाठीवर सहा-सात किलो घेऊन पायऱ्या चढा आणि उतरा. उतरताना गुडघे बोलू लागले तर ते घरीच कळलेलं बरं. विरळ हवेची सवय मात्र बडोद्यात कितीही चाललं तरी होत नाही. ती वाटेतल्या मुक्कामांत होते, म्हणून मुक्कामाचा दिवस वाया गेला असं मानू नका.

गुजरातच्या रहिवाशांना यात्रा पूर्ण केल्यावर गुजरात पवित्र यात्राधाम विकास बोर्डाकडून अनुदान मिळतं. रक्कम आणि मुदत त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, पैसे भरल्याच्या पावत्या आणि बडोद्याच्या पत्त्याचा पुरावा एकाच फाइलीत ठेवा.