मैत्रीचा बाक (झिंबाब्वे)

दवाखान्याबाहेर, झाडाखाली एक लाकडी बाक, त्यावर एक आजी आणि शेजारी चिंतेने खचलेले कोणीतरी. 'फ्रेंडशिप बेंच' या मानसिक आधाराच्या पद्धतीला एवढेच सामान लागते. झिंबाब्वेतल्या शोना भाषेत तिला 'चिगारो चेकुपानामाझानो' म्हणतात.

२००५ साली सरकारने 'मुरांबात्स्विना' मोहिमेत शहरांतल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने सुमारे सात लाख लोकांचे घर, रोजगार किंवा दोन्ही गेले. त्यांच्यासाठी मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांना राजधानी हरारेच्या म्बारे वस्तीत उपचार सुरू करायचे होते. पण ना परिचारिका मोकळ्या होत्या, ना खोली. मिळाल्या त्या १४ आज्या, आरोग्य खात्याच्या जुन्या स्वयंसेविका. खोली नाही म्हणून २००६ मध्ये बाक आला. त्याला आधी 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हटले, तर तिथे कोणी बसेना. नाव बदला, असे आज्यांनीच सुचवले.

'डिप्रेशन' हा शब्दही इथे चालत नाही. आज्या 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे विचार करकरून डोके पोखरले जाणे. शोना कुटुंबात अडचण आजीला नाहीतर आत्याला सांगायची रीत आहे. बाकाने तीच रीत दवाखान्याच्या दारात आणली. लक्षणे तपासणाऱ्या १४ प्रश्नांच्या शोना प्रश्नावलीनंतर 'कुव्हुरा प्फुंग्वा', मन मोकळे करणे. थकलेले भाडे, नवऱ्याची मारहाण, एचआयव्ही, सगळे बोलून झाले की यातले आधी काय हाती घ्यायचे ते आलेल्या माणसाने ठरवायचे. तोडगाही त्यानेच शोधायचा. आयता उपाय हातावर ठेवण्याचा मोह आवरणे हेच आजीचे खरे प्रशिक्षण. मग 'कुसिमुद्झिरा' (उभारी देणे) आणि 'कुसिम्बिसा' (बळ देणे). एकूण साधारण सहा बैठका.

ही प्रश्नावली नव्वदच्या दशकात हरारेत तयार झाली. ती रचणाऱ्यांत विक्रम पटेल होते, गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेचे एक संस्थापक.

हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर झालेली चाचणी २०१६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आली. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ४९.९ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे होती, बाकावर बसलेल्यांत १३.७ टक्के. पुढे बाक मलावी, झांझिबार आणि न्यूयॉर्कलाही गेला.

बैठका संपल्या तरी येणे थांबत नाही. 'कुबाताना तोसे' (सगळ्यांनी हात धरणे) नावाच्या गटात बायका टाकाऊ प्लॅस्टिकच्या पट्ट्या क्रोशाने विणून पिशव्या करतात. पिशव्या विकून चार पैसे मिळतात, आणि विणता विणता बोलणे चालूच असते.