नरक्याच्या लाकडातलं औषध

सह्याद्रीच्या दाट रानात नरक्या नावाचं लहानसं झाड वाढतं. फुलांना उग्र दुर्गंधी. तरीही ते चोरून तोडलं जातं, कारण त्याच्या लाकडात आणि मुळांत कॅम्पटोथेसिन असतं, कर्करोगावरच्या औषधाचं मूळ द्रव्य.

हे द्रव्य १९६६ साली अमेरिकेत प्रथम वेगळं केलं गेलं, तेही एका चिनी वृक्षातून. रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल यांच्यासोबत त्या कामात असलेले मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे. टॅक्सॉल या कर्करोगावरच्या दुसऱ्या औषधाची रचनाही याच जोडीने उलगडली. महाराष्ट्रात वाणींचं नाव फारसं कुणाला माहीत नाही, याची खरोखर खंत वाटते.

पेशी दुभंगण्याआधी डीएनएची प्रत काढते. धागे उलगडत जातात तसा पुढे पीळ साचतो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर (एन्झाइम) दोनपैकी एक धागा कापतं, पीळ सैल करतं आणि धागा पुन्हा सांधतं. कॅम्पटोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी जाऊन बसतं, सांधू देत नाही. प्रत काढणारी यंत्रणा तिथे येऊन आदळली की दुसरा धागाही तुटतो आणि पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या पेशींना याचा फटका जास्त.

फुफ्फुसाचा ‘स्मॉल सेल’ कर्करोग असाच भराभर वाढतो. तो बहुतांशी धूम्रपान करणाऱ्यांना होतो, आणि निदान होईपर्यंत बऱ्याचदा यकृत, हाडं, मेंदूपर्यंत पसरलेला असतो. तिथे शस्त्रक्रिया कामाची नाही; रक्तातून सगळीकडे पोचणारं औषधच लागतं.

पण झाडातलं द्रव्य जसंच्या तसं चाललं नाही. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा क्षार करून रुग्णांना दिला, तर मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. १९७०च्या दशकात चाचण्या थांबल्या. १९८५ मध्ये ते पेशीत नेमकं कुठे काम करतं हे कळलं आणि संशोधनाने पुन्हा उचल खाल्ली. रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन तयार झालं. १९९८ मध्ये उलटलेल्या स्मॉल सेल कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उलटलेल्या रोगाच्या १४१ रुग्णांपैकी काहींना फक्त त्रास कमी करणारे उपचार दिले, तर बाकीच्यांना सोबत टोपोटेकॅनच्या गोळ्या. पहिल्या गटाचं मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १३.९ आठवडे भरलं, दुसऱ्याचं २५.९. रोग बरा झाला नाही, पण घरच्यांसाठी ते तीन महिने लहान नव्हेत.

या गोळ्यांनी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात, म्हणून डॉक्टर दर फेरीआधी रक्त तपासून मात्रा ठरवतात. नरक्याच्या सालीच्या काढ्यात मात्र द्रव्य किती उतरलं हे कुणालाच सांगता येत नाही. तो कुणी देऊ केला तरी घेऊ नका.