झुपके झटकून केलेला हिशेब

पौर्णिमेच्या आसपास ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर काही माणसं छोट्या बोटीतून जातात आणि उथळ पाण्यात सोडलेले नकली शेवाळाचे झुपके वर ओढून झटकतात. खाली पडतात त्या इंच-दीड इंचाच्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या शेवंडी. त्या एकेक करून मोजायच्या. 1968 पासून हे चालू आहे.

इथली शेवंड म्हणजे 'वेस्टर्न रॉक लॉबस्टर'. तिची अळी 9 ते 11 महिने हिंदी महासागरात भरकटते, किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटर दूर जाते. तगलीच तर रूप पालटून परत पोहत येते. या शेवटच्या प्रवासात ती काही खात नाही. शिदोरी अंगातच असते. मग पिंजऱ्यात धरण्याजोगी व्हायला तिला 3-4 वर्षं लागतात. म्हणजे आज झुपक्यात किती सापडल्या, यावरून तेवढी वर्षं आधी पकड सांगता येते.

ला निनाच्या, म्हणजे मध्य-पूर्व प्रशांत महासागर नेहमीपेक्षा थंड असतो त्या वर्षी लीउविन हा उबदार प्रवाह जोर धरतो आणि पिल्लं भरपूर उतरतात, असा अनुभव होता. 2008-09 मध्ये प्रवाह जोरात असूनही मोजणी चाळीस वर्षांतली सर्वांत कमी आली. तळाचं पाणी तापल्याने माद्या लवकर अंडी घालू लागल्या आणि अळ्यांचं वेळापत्रक बिघडलं, असं संशोधकांनी पुढे मांडलं. पण तेव्हा कारण कळायची वाट कुणी पाहिली नाही, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. तुटवडा पिंजऱ्यापर्यंत पोचलाही नव्हता, तरी सरासरी 11,000 टनांची पकड सुमारे 5,500 टनांवर आणली. 2010 पासून प्रत्येक मच्छीमाराला किती पकडायचं याचा कोटा ठरला. दुष्काळी वर्षांची पिल्लं मोठी होईतो समुद्रात अंडी घालणाऱ्या माद्या भरपूर राहिल्या. कोटा हातात असल्याने भाव बघून बोट काढता येऊ लागली. बोटी मात्र घटल्या, आणि बोटींवरचं कामही.

आपल्याकडे मुंबईच्या ट्रॉलरना मिळणारी चपटी शेवंड 1990 च्या दशकात जवळपास दिसेनाशी झाली. अंड्यांनी भरलेल्या माद्याही जाळ्यात येत होत्या. तिकडे ऑस्ट्रेलियात पोटाखाली अंडी असलेली मादी पाण्यात परत सोडावीच लागते.

2011 च्या सागरी उष्णतेच्या लाटेने त्याच पश्चिम किनाऱ्यावर कालबारी गावाजवळच्या सुमारे 100 किलोमीटर पट्ट्यातली केल्पची, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाची जंगलं संपवली. पिल्लं किती आली ते झुपका सांगतो. आल्यावर त्यांना लपायला आणि चरायला काय उरलंय, ते झटकून कळत नाही.