वीस मिलिमीटर पाऊस, चारशे मिलिलीटर पाणी

पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथलं पावसाचं पाणी वाहत एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळतं तो भाग, शिकवताना मुलांना डोंगर, झाडं आणि निळी नदी असलेलं चित्र दाखवलं जातं. सोलापूरच्या पोरांनी असा डोंगर शाळेभोवती कुठं पाहिलेला असतो? इथला उतार डोळ्यांना जाणवतच नाही, पण पाण्याला तो बरोबर कळतो. शहराभोवतीचं पाणी ओढ्या-नाल्यांनी सीनेला जातं, सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते, भीमा पुढे कर्नाटकात कृष्णेला. फळ्यावर एवढी साखळी काढली की पुरे, बाकीचं बाटलीतल्या मातीच्या प्रयोगावर सोपवावं.

माती मात्र इथलीच घ्यायची, काळी. कुंडीतली लाल माती किंवा वाळू घेतली तर प्रयोग होतो, पण तो सोलापूरचा होत नाही.

दोन लिटरच्या तीन प्लास्टिक बाटल्या आडव्या ठेवून प्रत्येकीच्या वरच्या अंगाला २५ सेंमी लांब आणि ८ सेंमी रुंद खिडकी कापा. ओली माती तोंडाच्या खालच्या कडेपर्यंत थापून भरा. पहिली बाटली भेगा पडेपर्यंत चार-पाच दिवस उन्हात ठेवा. दुसरीतली आणि तिसरीतली माती ओलीच राहू द्या, आणि तिसरीवर ज्वारीच्या कडब्याचे बारीक तुकडे बोटभर पसरा. बुडाखाली दोन पातळ वह्या, तोंडाखाली ग्लास. काही जण बुडाखाली वीट लावतात. तेवढा उतार घाटात असतो, आपल्या शिवारात नाही.

खिडकीचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंमी, म्हणजे ४०० मिली पाणी ओतलं की २० मिमी पाऊस झाला. हा हिशेब मुलांनाच करू द्या. पेपरात रोज वाचलेला ‘मिमी’ पहिल्यांदा हातात येतो. आणखी एका बाटलीच्या टोपणाला दाभणानं दहा-बारा भोकं पाडून झारी करा आणि दहा मिनिटं सावकाश शिंपडा. घाई केली की पाण्याची धार एकाच जागी चर पाडते आणि तिन्ही बाटल्यांचा निकाल सारखाच येतो.

सुकलेल्या बाटलीतून फारसं पाणी बाहेर येत नाही, ते भेगांतून खाली उतरतं. मुलांना वाटतं, काळी माती पाणी छान पिते. तिथंच न थांबता त्याच बाटलीवर पुन्हा ४०० मिली शिंपडा. आता माती फुगलेली, भेगा मिटलेल्या. पाणी वरूनच पळतं, गढूळ होऊन. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात होतो. तोवर जमीन भिजून फुगलेली असेल, तर जूनमध्ये मुरला असता तेवढाच पाऊस आता ओढ्याला पूर आणतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्लासात पाण्याच्या मापात फार फरक पडेलच असं नाही, पण गाळात पडतो. दोन्ही ग्लास तासभर स्थिर ठेवून तळाचा थर पट्टीनं मोजा. काळ्या मातीचे अगदी बारीक कण दुसऱ्या दिवशीही तरंगत राहतात, त्यामुळे ‘पाणी निवळलं का?’ हा प्रश्न लवकर विचारू नये.

प्रदूषण दाखवायला कचऱ्याचे तुकडे टाकण्याची पद्धत आहे. ती सोपी आहे, आणि थोडी फसवीही. त्याऐवजी कडब्याच्या बाटलीच्या वरच्या टोकाला चमचाभर मीठ आणि खाण्याच्या लाल रंगाचे पाच-सहा थेंब टाकून पुन्हा शिंपडा. कडबा माती अडवतो, पण ग्लासात उतरलेलं पाणी लालच असतं. चादरी-टॉवेलांच्या या गावात उदाहरण शोधायला लांब जायला नको. सुती धाग्यावर बसणाऱ्या अनेक रंगांसाठी मीठ लागतं, सगळा रंग धाग्याला धरत नाही, आणि उरलेला रंग मिठासकट धुवणाच्या पाण्यात जातो.

रंग निदान दिसतो तरी. मीठ दाखवायचं तर त्याच ग्लासातलं पाणी जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळा, पसरट स्टीलच्या ताटलीत दोन-तीन चमचेच ओता आणि उन्हात ठेवा. ताटली वाळली की लालसर डागाच्या कडेला मिठाचा पांढरा थर दिसतो.