आयएसएसएन क्रमांक म्हणजे दर्जाची हमी नव्हे

'आयएसएसएन असलेल्या जर्नलमधील शोधनिबंध मान्यताप्राप्तच असतो' हा संदेश संशोधक विद्यार्थ्यांच्या गटांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. मुखपृष्ठावर ठळक छापलेला आयएसएसएन (इंटरनॅशनल स्टँडर्ड सिरियल नंबर, म्हणजे नियतकालिकाला मिळणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) पाहून तसे वाटणे स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची केवळ ओळख पटवतो. अर्ज केल्यास पाककृतींच्या मासिकालाही तो मिळू शकतो. त्यातील शेवटचे स्थान आधीच्या सात अंकांवरून काढलेल्या पडताळणी-अंकाचे असते आणि तिथे कधीकधी रोमन 'एक्स' दिसतो, ती छपाईतील चूक नव्हे. आशयाची तपासणी या प्रक्रियेत कोठेही होत नाही.

क्रमांकाच्या खुल्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत तो टाकून शीर्षक व देश जुळतात का, हे आधी पाहावे. मग जुने अंक उघडावेत: कापसावरील कीड आणि संतसाहित्य एकाच अंकात शेजारी असतील, आणि स्वीकृती तीन दिवसांत मिळत असेल, तर निबंध कोणत्या तज्ज्ञाने वाचले हे संपादकांना लेखी विचारावे. शुल्क घेणे मात्र स्वतःहून संशयास्पद नाही, कारण सर्वांना मोफत वाचता येणारी अनेक चांगली जर्नल्सही स्वीकृतीनंतर लेखकाकडून ते घेतात.