शून्य हार म्हणजे जगात भारी? एक खुलासा

गंगावेशीत चहा पिताना परवा एका बॉक्सरबद्दल पुन्हा ऐकलं, "वीस लढती, वीस विजय! एकपण हार नाही, मग जगात भारीच की गडी!" ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची हे कोल्हापूरकराला पटकन कळावं.

खासबागेत कुस्ती ठरली की आपला पहिला प्रश्न असतो, "जोड कोण?" व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ही जोड बहुतेकदा प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, लावतो. ज्याच्या नावावर तिकिटं खपवायची, त्याच्यासमोर सुरुवातीची काही वर्षं मुद्दाम हलके गडी दिले जातात. याला नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरलेली कुस्ती, म्हणू नका. समोरचा खरोखर लढतो, फक्त ताकदीत फार कमी असतो. इंग्लंडचा पीटर बकली 300 लढती लढला, त्यातल्या 256 हरला. अशांच्या अंगावर नवी पोरं घडतात. मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

आता उलटं उदाहरण. युक्रेनचा वासिल लोमाचेन्को, ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं मिळवलेला, 2014 मध्ये व्यावसायिक कारकिर्दीतली दुसरीच लढत हरला. कारण समोर ओर्लांडो सालिदोसारखा मुरलेला गडी होता. तिसऱ्या लढतीत त्याने 24 पैकी 24 जिंकलेल्या गॅरी रसेलला हरवून जागतिक किताब घेतला.

विषम जोडीत डोक्याला मार बसतो तो दुबळ्याच्या, हे तर आणखी वाईट. म्हणून आकडा दिसला की हरलेल्यांची नावं काढा, त्यांनी त्याआधी कुणाला हरवलं होतं ते बघा.