पाच वॅटमध्ये आवाज पोहोचत नाही?

बेळगाव-निपाणीकडच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींत एक समज पक्का बसलाय: कॉन्टेस्टमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधायच्या स्पर्धेत, पाच वॅटवर मोर्स जमेल, बोलणं नाही. हे अर्धसत्य आहे.

100 वॅटवरून 5 वर आलात की सिग्नल 13 डेसिबलने घटतो, म्हणजे एस-मीटरवर (रेडिओवरच्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या काट्यावर) साधारण दोन अंक. एस-9 ऐकू येणारा एस-7 च्या आसपास येतो. आवाज तेवढ्याने बुडत नाही. बुडतो तो गर्दीत, आणि तिथे चूक बहुधा आपल्या पद्धतीची असते. एकाच फ्रीक्वेन्सीवर ठाण मांडून 'सीक्यू' (कुणीही उत्तर द्या अशी हाक) ओरडत बसू नका, मोठी स्टेशनं शोधून त्यांना हाका मारा. सीक्यू वर्ल्डवाइड या जागतिक स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांनाच नवे गडी मिळेनासे होतात. मग तुमचा क्षीण आवाजही ते कान देऊन ऐकतात.

बँड 28 मेगाहर्ट्झचा घ्या, सौरडाग (सूर्यावरचे काळे डाग) भरात असताना तर नक्कीच. या बँडचा डायपोल, म्हणजे साधा तारेचा अँटेना, पाचेक मीटरचा. येळ्ळूरच्या गच्चीवर सहज मावतो. बाकी 40 मीटरच्या (7 मेगाहर्ट्झच्या) बँडवर रात्री पाच वॅटने बोलायचं, तर मात्र शंकेखोरांचं बरंचसं खरं आहे. आणि गुणांची धास्ती कशाला? क्यूआरपीचा, म्हणजे पाच वॅटपर्यंतच्यांचा, गट वेगळाच असतो.